भांडण धबधब्याचं, बुडाला धबधबाच!

आज जाऊया पराना नदीवर. दक्षिण अमेरिकेत लांबीला अमेझॉनच्या खालोखाल हीच. ब्राझीलमध्ये उगम पावते आणि पुढे काही अंतर ब्राझील आणि पॅराग्वेची सीमा बनते.

याच सीमेवर ग्वाइरा धबधबा होता. होता, कारण आज तिथे नुसतं सपाट पाणी दिसतं. नदीचं रुंद पात्र इथे अचानक साठेक मीटरच्या अरुंद घळीत शिरायचं. विचार करा, आवाज काय होत असेल! 1631 मध्ये गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून जीव वाचवत हजारो ग्वारानी लोक जेझुइट पाद्र्यांसोबत तराफ्यांवरून निघाले. त्यांनाही इथे उतरून पुढे पायीच जावं लागलं.

आता भांडण. 1864 ते 1870 च्या युद्धात पॅराग्वे हरला. 1872 च्या तहात ठरलं, की सीमा एम्बाराकायू डोंगररांगेवरून धबधब्यापर्यंत येईल. पण गंमत बघा, नदीजवळ या रांगेला दोन फाटे फुटतात. मग सीमा नेमकी कुठल्या फाट्यावरून? धबधब्याची मालकी त्यावर अवलंबून! 1965 मध्ये तर ब्राझीलचं सैन्यच त्या पट्ट्यात येऊन बसलं.

शेवटी 1966 मध्ये तडजोड झाली: नदीची वीज निम्मी-निम्मी. 1973 मध्ये करार झाला आणि खालच्या अंगाला इताइपू धरण उभं राहिलं. वादातली बरीचशी जमीन जलाशयाखाली जाणार होती. म्हणजे, भांडायला जागाच नको!

जानेवारी 1982 मध्ये धबधबा शेवटचा बघायला गर्दी लोटली. एक झुलता पूल तुटला आणि तीसहून अधिक माणसं गेली. ऑक्टोबरमध्ये धरणाची दारं बंद झाली. अवघ्या 14 दिवसांत जलाशय भरला, धबधबा गडप. काठावरच्या आवा-ग्वारानी लोकांची गावंही गेली. करार दोन सरकारांचा होता, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आज इताइपूची क्षमता 14,000 मेगावॅट आहे. पॅराग्वेला त्याच्या वाट्याची सगळी वीज लागत नाही. उरलेली ब्राझीललाच द्यायची, असं करारात लिहिलेलं. दर किती, यावर दोन्ही देशांत अजूनही घासाघीस चालते.

म्हणजे बुडाला तो धबधबा. भांडण तरंगतंच आहे.

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!