जाहीरनामा आणि त्रैमासिक तक्ता : करवीर संस्थानातील नोकरभरती

१/ २६ जुलै १९०२. करवीर सरकारच्या गॅझेटात एक आदेश प्रसिद्ध झाला. छत्रपती शाहू महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, हा त्या आदेशाचा गाभा सर्वश्रुत आहे. त्यातील अंमलबजावणीची कलमे मात्र फारशी वाचली जात नाहीत.

२/ पार्श्वभूमी आकड्यांतच दिसते. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. म्हणजे ज्यांनी हा आदेश पाळायचा, त्या खातेप्रमुखांत बहुसंख्या याच वर्गाची होती.

३/ पहिला प्रश्न पात्रतेचा. मागासलेले कोण? आदेशाने लांबलचक यादी केली नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सर्व, अशी व्याख्या केली. त्यामुळे एखादी जात यादीत नाही, ही सबब सांगण्यास वाव उरला नाही.

४/ दुसरा प्रश्न पळवाटेचा. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी, तेथे पुढची नेमणूक याच वर्गातून करावी, असे कलम होते. ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणण्याची सोयच संपली.

५/ तिसरे कलम सर्वांत मोलाचे. आदेशानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करायचा होता. नियम पाळला की नाही, हे दाखवण्याची जबाबदारी उमेदवारावर नव्हे, नेमणूक करणाऱ्यावर आली.

६/ परंतु जागा राखून उमेदवार तयार होत नाहीत. म्हणूनच १९०१ मधील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्यानंतर विविध समाजांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे या आदेशापासून वेगळी काढता येत नाहीत. १९१२ पर्यंत सामान्य प्रशासनातील ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ पदे उरली होती.

७/ आज सरकारी कचेऱ्यांत बिंदुनामावली ठेवली जाते. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे तीत नोंदलेले असते. उमेदवाराला मात्र जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी स्वतः धावपळ करावी लागते. १९०२ च्या आदेशाचे वेगळेपण येथेच उमगते : त्याने हिशेब मागितला तो आधी खुर्चीत बसलेल्याकडे.