'टेल्यी' : एका लुप्त स्कॉट्स शब्दाचे अर्थ व त्याचे भ्रामक रूप

स्कॉटलंडमधील सतराव्या व अठराव्या शतकांतील जमिनीच्या दस्तऐवजांत 'टेल्यी' ही संज्ञा वारंवार आढळते. रोमन लेखनात या शब्दाच्या मध्यभागी 'झेड' हे अक्षर दिसते. त्यामुळे अपरिचित वाचक तो 'टेलझी' असा वाचतो आणि इंग्रजीतील शेपटीवाचक 'टेल'शी त्याचे नाते जोडतो. हे वाचनही चुकीचे आहे आणि हे नातेही.

मुळात ते अक्षर 'झेड' नव्हेच. जुन्या स्कॉट्स लेखनात 'य'सारख्या उच्चारासाठी 'योघ' नावाचे अक्षर होते व हस्तलिखितांत त्याची आकृती शेपटीच्या 'झेड'सारखीच काढली जात असे. १५०८ मध्ये एडिंबरो येथे चेपमन व मायलर यांनी छपाई सुरू केली. पुढे मुद्रकांनी योघच्या जागी 'झेड'चा खिळा वापरला आणि तो रूढ झाला. 'मेन्झीस' या आडनावाचा पारंपरिक उच्चार 'मिंगिस' व 'डॅल्झिएल'चा 'डीएल' असा होतो, तो यामुळेच.

'टेल्यी'चे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'कापणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. शिंपीवाचक 'टेलर' आणि किरकोळ विक्रीचा 'रिटेल' हे त्याचे खरे भाऊबंद. शेपटीचा 'टेल' मात्र जुन्या इंग्रजीतून आलेला, केवळ दिसण्यापुरता सारखा. कथावाचक 'टेल'ही परकाच. स्कॉट्समध्ये 'टेल्यी' म्हणजे मांसाचा कापलेला तुकडाही होता. खाटकाच्या दुकानातील व वकिलाच्या दप्तरातील शब्द एकच असावा, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु कायद्यातही कापणेच अभिप्रेत आहे. कायद्याने ठरलेली वारसांची ओळ तोडून मालकाने आपल्या इच्छेने दुसरी ओळ नेमणे, म्हणजे टेल्यी.

१६८५ च्या अधिनियमाने या प्रथेला कठोर रूप दिले. नोंदवहीत रीतसर नोंदलेल्या टेल्यीच्या जमिनीचा वारस ती विकू शकत नसे, तिच्यावर कर्जाचा बोजा चढवू शकत नसे, वारसाक्रमही बदलू शकत नसे. अटी मोडल्यास त्याचा हक्कच संपुष्टात येई. घराण्याची जमीन टिकली, पण तिची किंमत सावकाराने, धाकट्या मुलांनी व खुद्द जमिनीने मोजली. जी भूमी पुढे कोणाकडे जाणार हे आधीच ठरले आहे, तिच्या सुधारणेवर हयातीपुरता धारक पैसा कशाला खर्च करील? १७७० च्या कायद्याने सुधारणांसाठी व दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांसाठी वाट मोकळी केली, १८२४ च्या कायद्याने पत्नी व धाकटी अपत्ये यांच्या तरतुदीला मुभा दिली, १८४८ मध्ये टेल्यी मोडण्याचा मार्ग रुंदावला. १९१४ मध्ये नव्या टेल्यींना बंदी झाली. उरलेल्या जमिनी २००० च्या सरंजामी भूधारणा निर्मूलन कायद्यान्वये २८ नोव्हेंबर २००४ रोजी मुक्त झाल्या.

१६८५ मध्ये स्कॉटलंडचा लॉर्ड ॲडव्होकेट सर जॉर्ज मॅकेंझी हा होता. त्याच्या आडनावातील 'झेड'ही मूळचा योघच. मात्र तेथे चुकीचे वाचनच उच्चार म्हणून स्थिरावले आहे.