राजसत्ता आणि आडवाटेचे पंथ : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

तेराव्या शतकात देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, ही यादवांची राजधानी होती. तिथून जवळच वेरूळची लेणी आणि दक्षिणेला गोदाकाठी पैठण, म्हणजे धर्मशास्त्राचे निवाडे देणाऱ्या विद्वानांचे गाव. याच टापूत सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी आणि त्यांच्याभोवती जमलेले स्त्री-पुरुष वावरत होते. ते वेरूळच्या लेण्यांत राहिले, पैठणच्या देवळांतून उतरले, घरोघर भिक्षा मागून जेवले. जातीचा, विटाळाचा आणि सोवळ्याओवळ्याचा जो हिशेब भोवतालचा समाज ठेवत होता, तो त्यांनी ठेवला नाही. हे सारे राजधानीच्या उंबऱ्याशी चालले होते. राज्यसंस्था आणि तिच्या चाकोरीबाहेर एकत्र राहू पाहणारा धर्मसमूह यांच्या संबंधांचा अभ्यास मराठी माणसाला करायचा असेल, तर आरंभ इथूनच करावा, असे मला मनापासून वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी समुद्र ओलांडायला नको. दौलताबाद, वेरूळ आणि पैठण या तिन्ही ठिकाणी एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते.

या विषयात नव्याने येणारा बहुधा एक ठाम चित्र घेऊन येतो. एका बाजूला श्रद्धाळू, दुसऱ्या बाजूला जुलमी सरकार. किंवा उलट, एका बाजूला भोंदू आणि दुसऱ्या बाजूला कायदा. ही दोन्ही चित्रे काही काळ बाजूला ठेवावीत. शासनाचा आणि पंथाचा झगडा तत्त्वज्ञानावरून पेटल्याची उदाहरणे मला फार थोडी दिसतात. देव एक की अनेक, जीव आणि परमेश्वर वेगळे की एकच, यावर कोणताही दरबार फारसा खर्च करत नाही. माणसे कुठे राहतात, कोणाबरोबर जेवतात, लेकीसुना घर सोडून कोणामागे जातात, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तक्रार कोणाकडे न्यायची, या प्रश्नांवर मात्र दरबार हलतो. अभ्यासाची खरी जागा तीच आहे.

यादवकाळापासूनच पाहू. महादेव यादव आणि त्यानंतरचा रामचंद्र, म्हणजे आपला रामदेवराव, यांच्या पदरी हेमाद्री हा करणाधिप होता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा अफाट ग्रंथ त्याच्या नावावर आहे. ज्या व्यवस्थेचा कारभारी व्रतदानांचा कोश रचतो, तिथे दान नाकारणारा, व्रतांना महत्त्व न देणारा आणि बायकांना संन्यासमार्ग मोकळा करणारा समूह खटकणारच. चक्रधरांच्या या महानुभाव पंथाच्या परंपरेत हेमाद्री आणि पैठणचे विद्वान यांच्या विरोधाच्या, चक्रधरांना भोगाव्या लागलेल्या छळाच्या हकिगती येतात. शेवटाबद्दल एकवाक्यता नाही. काही अभ्यासक शिरच्छेदाचा उल्लेख धरून चालतात. महानुभावांची श्रद्धा अशी की स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. नव्या अभ्यासकाने यातली एक बाजू घाईने उचलू नये. कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे, ती पोथी कोणत्या परंपरेची आहे, हे आधी पाहावे.

आता याच्या शेजारी पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख ठेवा. तो 1273 ते 1277 या वर्षांचा. त्यात रामदेवरावाचे आणि हेमाद्री पंडिताचे नाव विठ्ठलाच्या देवळाला देणग्या देणाऱ्यांत आहे. म्हणजे तोच राजा, तोच कारभारी, जवळपास तीच वर्षे. एका पंथाशी असलेले राज्याचे नाते दगडात कोरले गेले. दुसऱ्या पंथाबद्दल यादवांच्या लेखांतून काही कळत नाही, जे कळते ते पंथाच्याच पोथ्यांतून. याचे कारण साधे आहे. देऊळ एका जागी उभे असते, दान घेते, दात्याचे नाव लावते. फिरत्या भिक्षुसमूहाला राजाने काही द्यावे असे त्याच्याकडे ठिकाणच नसते, आणि दिलेले तो घेत नाही. म्हणून सरकारी दप्तरात पंथ सापडला नाही तर तो नगण्य होता असा निष्कर्ष काढू नका. दप्तरात न सापडणे ही त्याच्या जगण्याच्या रीतीची साक्ष असू शकते.

मग साधन कोणते? ‘लीळाचरित्र’. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी शिष्यांकडून गोळा केल्या आणि 1278 च्या सुमारास रिद्धपूरला त्या ग्रथित केल्या. कोणी काय पाहिले, कोणाची आठवण वेगळी आहे, याची दखल ठेवण्याची त्यांची दृष्टी पाहून आजच्या क्षेत्रीय संशोधकानेही नम्र व्हावे. राजे, सरदार, गावचे महाजन, भिक्षा घालणाऱ्या बाया, दारातून हाकलणारे गृहस्थ हे सगळे त्यात येतात. सत्तेकडे खालून पाहिले तर ती कशी दिसते, हे तेराव्या शतकातल्या बोलत्या मराठीत नोंदवणारा असा दुसरा ग्रंथ माझ्या माहितीत नाही. ख्रिश्चन ली नोव्हेट्झ्की यांनी 2016 च्या आपल्या पुस्तकात याच सामग्रीवरून मराठीच्या सार्वजनिक जीवनाचा विचार मांडला. ॲन फेल्डहाउस यांनी पंथाची सूत्रे आणि चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे चरित्र इंग्रजीत नेले. ही कामे जरूर वाचावीत, पण मूळ लीळा वाचून झाल्यावर.

या ग्रंथाचा पुढचा प्रवासही आपल्या विषयातच मोडतो. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने, म्हणजे शासनानेच, प्रसिद्ध केले. त्यातल्या काही लीळांवर पंथातून तीव्र आक्षेप आले आणि वाद पेटला. इथे शासन प्रकाशकाच्या भूमिकेत आहे, संशोधक पाठचिकित्सेच्या भूमिकेत आणि भक्त आपल्या देवाची बदनामी होते म्हणून व्यथित. तिघांनाही आपापली कारणे आहेत. कोलत्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे, आणि ज्यांनी सहा-सातशे वर्षे या पोथ्या जिवापाड जपल्या, त्यांना त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही असे मी म्हणू शकत नाही. हा ताण सोडवून टाकण्याची घाई न करता त्याच्यासोबत काम करायला शिकणे, हा या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

पोथ्या जपल्या त्या सांकेतिक लिप्यांत. सकळ, सुंदरी आणि अशा आणखी लिप्या पंथाने घडवल्या, आणि बाहेरच्या विद्वानांना त्यांचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. गुप्ततेमुळे संशय वाढला आणि संशयामुळे गुप्तता. 1782 साली सवाई माधवराव पेशव्यांच्या नावाने निघालेल्या हुकमात मानभाव, म्हणजे महानुभाव, हे चार वर्णांत नाहीत, षड्दर्शनांत नाहीत, त्यांचा उपदेश कोणी ऐकू नये, ऐकेल त्याला जातीबाहेर करावे, अशा आशयाचा मजकूर होता. पेशवा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. या हुकमाकडे नीट पाहा. पंथाला तुरुंगात घालण्याऐवजी त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्याला जातीचे भय घातले आहे. शिक्षेची अंमलबजावणी गावावर सोपवली आहे. सरकारला त्यासाठी एक शिपाईही लागला नाही. सत्तेच्या या पद्धतीचा अभ्यास आपल्याकडे अजून पुरेसा झालेला नाही.

मराठवाड्याचा पुढचा काळ निजामाचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथे धर्मसंस्थांसाठी उमूर-ए-मजहबी हे वेगळे खातेच होते. देवळे, मठ, दर्गे, मशिदी यांना जमिनी मिळत, त्या सेवेच्या अटीवर असत. खिदमतमाश आणि मदतमाश हे शब्द आजही मराठवाड्याच्या महसुली दप्तरांत आणि भांडणांत जिवंत आहेत. फिरस्ता पंथ जमिनीवर स्थिरावला की तो सरकारच्या ओळखीच्या भाषेत येतो. इनाम, फेरफार, वारस, वहिवाट. एखाद्या मठाचा सातबारा हातात आला की त्याच्या गेल्या शंभर वर्षांतल्या कलहांचा अर्धा इतिहास हातात येतो.

स्वातंत्र्यानंतरची चौकट समजायला तीन निकाल पुरेसे आहेत. पहिला, मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 यावरचा 1954 चा रतिलाल पानाचंद गांधी खटल्याचा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः मान्य केला, पण धर्मादाय आयुक्तालाच मठ-मंदिराचा विश्वस्त करून बसवण्याची वाट बंद केली. हिशेब तपासा, पण गादीवर बसू नका, असा त्याचा अर्थ. दुसरा 1962 चा सय्यदना ताहेर सैफुद्दीन खटला. वाळीत टाकण्याला बंदी करणारा मुंबई राज्याचा 1949 चा कायदा त्यात न्यायालयाने बहुमताने रद्द ठरवला. समूहाचे स्वातंत्र्य मोठे की समूहातल्या एकट्या माणसाचे, हा प्रश्न तिथे उघडा पडला आणि आजही उघडा आहे. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो याच प्रश्नाच्या पाठपुराव्यातून. तिसरा, श्रीअरविंदांच्या नावाने पुदुच्चेरीजवळ वसलेल्या ऑरोव्हिलचा. त्या वसाहतीचा कारभार केंद्राने 1980 साली कायद्याने हाती घेतला, आणि 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की श्रीअरविंदांची शिकवण हा धर्मसंप्रदाय नव्हे. एखादा समूह धर्म आहे की नाही, हे न्यायाधीशाने ठरवायचे ही गोष्ट कोणत्याही अभ्यासकाला थांबून विचार करायला लावणारी आहे.

आता महाराष्ट्रातूनच बाहेर गेलेले एक उदाहरण घेऊ. रजनीशांचा आश्रम 1974 पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात होता. मोठ्या जागेसाठी धडपड झाली, सरकारशी खटके उडाले, आणि 1981 साली मंडळी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सुमारे 64 हजार एकरांच्या रानमाळावर गेली. 1982 साली त्यांनी रजनीशपुरम हे शहरच स्थापन केले. शेतजमिनीवर शहर वसवता येते का, हा ओरेगॉनच्या जमीनवापर कायद्याचा प्रश्न आधी आला. 1983 साली राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमायर यांनी धर्मसंस्था आणि नगरपालिका एकच झाल्याने हे शहर घटनेविरुद्ध असल्याचे मत दिले. 1984 साली वसाहतीतल्या काहींनी द डॅल्स या गावातल्या उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले आणि 751 माणसे आजारी पडली. निवडणुकीच्या दिवशी मतदार घरी पडून राहावेत, असा बेत होता. 1985 अखेर रजनीशांना देश सोडावा लागला. जमीनवापराचा दावा न्यायालयांत शहराच्या बाजूने लागून 1987 साली संपला, तेव्हा तिथे कोणी उरले नव्हते.

हे उदाहरण मी मुद्दाम महानुभावांच्या शेजारी ठेवतो, आणि दोघांना सारखे मानत नाही. भिक्षेवर जगणाऱ्या, अहिंसा हा प्राण मानणाऱ्या पंथाची आणि शेजारच्या गावाला विष घालणाऱ्या पुढाऱ्यांची तुलना कोणी करू नये. शेजारी ठेवतो ते शासनासाठी. दोन्हीकडे शासनाला समूह नीट दिसला नाही, दोन्हीकडे त्याने हाताशी असलेले हत्यार उचलले, मग ते जातीबहिष्काराचे असो की जमीनवापराचे. आणि दुसरी बाजू अशी की छळ झालेला प्रत्येक समूह निरपराध असतो, हेही खरे नव्हे. आतल्या दुबळ्या माणसाकडे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. 2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यामागे हेच कर्तव्य होते. अभ्यासकानेही प्रत्येक मठात, आश्रमात, वसाहतीत आधी हे विचारावे की इथून कोणाला निघून जायचे असेल तर जाता येते का, आणि गेल्यावर त्याचे काय होते.

गेल्या काही वर्षांत वारे फिरले आहे. ज्यांचा उपदेश ऐकू नये असा हुकूम निघाला होता, त्यांच्या रिद्धपूरला शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामागच्या युक्तिवादात महानुभाव वाङ्मयाचा वाटा मोठा होता. मला याचा मनस्वी आनंद आहे. तरी अभ्यासकाने गौरवाच्या काळातही तेच प्रश्न विचारावेत जे छळाच्या काळाबद्दल विचारले. शासन आता पंथाकडून काय घेते आहे, पंथ काय देतो आहे, आणि गौरवाच्या सोहळ्यात पंथाची कोणती बाजू मागे राहते?

काम भरपूर पडले आहे. मराठवाड्यातल्या मठांच्या खिदमतमाश जमिनींचा तालुकावार इतिहास लिहिला गेलेला नाही. सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदवह्या आणि बदल अर्ज सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी वाचलेले नाहीत. पंथात संन्यास घेतलेल्या बायकांचे आजचे अनुभव त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवायला हवेत. मोडी आणि थोडीशी उर्दू येणाऱ्याला निजामकाळाची दारे उघडतात, तेव्हा या दोन्हींचा वर्ग लावून घ्यावा. आश्रमात जाताना महंतांना आधी कळवून जावे, पोथी हाताळण्याचे तिथले नियम पाळावेत, छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी, आणि लिहून झालेला मजकूर छापण्याआधी तिथे वाचून दाखवावा.