चपळाई मापन (खो-खो)

समोरून मिळालेल्या संकेताला प्रतिसाद देत संपूर्ण शरीराचा वेग किंवा दिशा झटकन बदलण्याची क्षमता म्हणजे चपळाई. शेपर्ड आणि यंग यांनी २००६ मध्ये मांडलेली ही व्याख्या आज सर्वाधिक वापरली जाते. पायांइतकेच नजर आणि निर्णय यांनाही तिच्यात स्थान आहे.

खो-खोत हे दोन्ही घटक स्पष्ट दिसतात. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्हींची मोकळीक असते. त्यामुळे पळणारा हुलकावणी देतो आणि बसलेल्या आठ जणांपैकी कोण उठेल याचा अंदाज घेत वळतो.

नांदगावसारख्या तालुक्याच्या गावीही मापनाला टेप, फक्की आणि स्टॉपवॉच पुरते. सर्वांत रुळलेली चाचणी ४ × १० मीटर शटल धावेची. दहा मीटर अंतरावर दोन समांतर रेषा आखून पलीकडच्या रेषेमागे दोन लाकडी ठोकळे ठेवतात. खेळाडू एक ठोकळा आणून आरंभरेषेमागे ठेवतो, मग दुसरा घेऊन वेगात रेषा ओलांडतो. ठोकळा फेकल्यास प्रयत्न बाद होतो. दोन प्रयत्नांतील कमी वेळ नोंदवतात. इलिनॉय चाचणीत १० × ५ मीटरच्या चौकटीत पालथे पडून सुरुवात करतात आणि मधल्या चार शंकूंमधून नागमोडी धावतात. बसलेल्या खेळाडूंच्या रांगेतून पळणाऱ्याच्या हालचालीला ती अधिक जवळची आहे.

‘५०५’ चाचणी प्रशिक्षकाला सर्वाधिक उपयोगी पडते. पंधरा मीटर धावत जाऊन वळायचे असते. वेळ मोजली जाते ती वळणाआधीच्या व नंतरच्या पाच-पाच मीटरची. या वेळेतून दहा मीटर सरळ धावेची वेळ वजा केली की वळण्यात किती वेळ गेला याचा अंदाज येतो. उदाहरणार्थ, दोन खेळाडूंची वेळ २.६० सेकंदच असली, पण सरळ धाव एकाची १.८० आणि दुसऱ्याची २.०० सेकंद असेल, तर फरक अनुक्रमे ०.८० व ०.६० येतो. पहिला वेगवान आहे, पण त्याला थांबण्या-वळण्याचा सराव हवा. दुसऱ्याला वेग हवा. डाव्या आणि उजव्या पायावरील वळण वेगवेगळे नोंदवावे, कारण एका बाजूची कमजोरी एकत्रित आकड्यात लपते.

नोंदी तुलनेच्या योग्य राहाव्यात यासाठी मैदान, बूट, दिवसाची वेळ, अंग गरम करण्याची पद्धत आणि शक्यतो मोजणारी व्यक्तीही तीच असावी. पावसाने नरम झालेली माती आणि उन्हाळ्यातील टणक माती यांवरचे आकडे एका रांगेत लावू नयेत. हाताने घेतलेली वेळ विद्युत यंत्रापेक्षा साधारण ०.२ सेकंदाने कमी भरते, म्हणून दोन्ही मिसळू नयेत. चार ते सहा आठवड्यांनी चाचणी पुरेशी असते. लागोपाठच्या दोन दिवसांत दिसणाऱ्या चढउतारापेक्षा मोठा बदल असेल तरच प्रगती मानावी. उंची झपाट्याने वाढणाऱ्या मुलामुलींची वेळ काही काळ बिघडू शकते; ती आळसाची खूण नव्हे.

या सर्व चाचण्यांत मार्ग आधीच ठाऊक असतो, म्हणून निर्णयक्षमता त्यांतून कळत नाही. त्यासाठी साथीदाराने ऐन वेळी डावी-उजवी बाजू दाखवावी आणि धाव मोबाइलवर संथगतीत चित्रित करावी. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रणात दोन चौकटींमध्ये सुमारे ४ मिलिसेकंद असतात. संकेतापासून पहिल्या पावलापर्यंतच्या चौकटी मोजून आलेला प्रतिसादकाल शटलच्या वेळेशेजारी वेगळ्या रकान्यात लिहितात.