फेसाळ वाइन आणि दख्खनची थंडी

द्राक्ष आणि थंडी यांचे नाते आपल्या जुन्या ग्रंथकारांना अपरिचित नव्हते. कापिशी नगरीच्या नावावरून ‘कापिशायन’ हे रूप कसे सिद्ध होते, हे सांगण्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार त्यांच्या मूळ देशांवरून ओळखले. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा, हिंदुकुशाच्या कुशीतला थंड मुलूख. दख्खनची गोष्ट निराळी. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने येथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद केली आहे. प्रवाशाला त्यात भूमीचे वैभव दिसले. फेसाळ वाइन करू पाहणाऱ्याला मात्र पुढे त्यातच खरी अडचण दिसावयाची होती.

ही अडचण समजण्यासाठी शॅम्पेन प्रांताकडे पाहावे लागते. फ्रान्सच्या ईशान्येस सुमारे ४९ अक्षांशावरील हा प्रदेश वेलीच्या दृष्टीने जवळजवळ उत्तर सीमेवरचा. वर्षाचे सरासरी तापमान १० ते ११ अंश सेल्सिअस. हिवाळ्यात वेल गाढ झोपते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि सप्टेंबर उजाडला तरी घडात साखर बेताचीच भरते. लाल, भारदस्त वाइन तेथे जमणे कठीण. उरतो तो आंबटपणा आणि हलका, तरतरीत रस. फेसाळ वाइनला नेमके हेच हवे असते. कारण तयार वाइन बाटलीत भरून तीत लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व किण्व घालून ती पुन्हा आंबवावयाची असते. त्यामुळे मद्यार्क आणखी वाढतो आणि कोंडलेल्या वायूचा दाब वातावरणाच्या सहापट होतो. मुळातच गोड व जड रस घेतला, तर ही दुसरी आंबवणी त्याला बेचव करून सोडते.

फेसाचा उगमही थंडीतच आहे. शरदात सुरू झालेले आंबवणे हिवाळ्याच्या कडाक्यात अर्धवट थांबे आणि वसंतात ऊब मिळताच पुन्हा जागे होई. भिक्षू दों पेरिन्यों याने हा फेस शोधून काढला ही कथा रम्य आहे, पण खरी नाही; १७१५ साली निवर्तलेल्या त्या साक्षेपी कोठारप्रमुखाच्या काळी फेस हा दोषच मानला जाई, आणि बाटल्या फुटून नुकसान होई ते वेगळेच. वाइनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करण्याचे वर्णन इंग्लंडात ख्रिस्तोफर मेरेट याने १६६२ मध्येच केले होते. उणीव होती तीच पुढे कीर्तीला कारण झाली, असे त्या प्रांताविषयी म्हणावयास हरकत नाही.

असे मद्य पुणे जिल्ह्यातील नारायणगावी करण्याचा संकल्प शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात सिद्धीस नेला. शॅम्पेनमधील पायपर हाइडसिक या घराण्याचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळविले. ‘शातो इंडाज’ या नावाने उभ्या राहिलेल्या या उद्योगाची फेसाळ वाइन परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने गेली. बडोदेकर वाचकास हे नाव वाचून हटकून माधव ज्यूलियन आठवावेत. १८९४ मध्ये याच नगरीत जन्मलेल्या आणि बडोदा कॉलेजात शिकलेल्या या कवीने खय्यामच्या रुबाया मूळ फारसीतून मराठीत आणल्या. गुजरातेत मद्यबंदी असल्याने खय्यामची ओळख येथे ग्रंथालयाच्या कपाटातूनच व्हावी, हेही ठीकच!

सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पठारावर शॅम्पेनची थंडी आणावयाची कोठून? ती उसनी घ्यावी लागते; काही उंचीकडून, काही महिन्यांकडून आणि बरीचशी रात्रीकडून. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. येथे वेलीला झोप अशी नाहीच. म्हणून बागाईतदार तिचे वर्ष कात्रीने ठरवितो. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार करून घ्यावयाची आणि पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी करावयाची. छाटल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. युरोपात जे काम हिवाळा फुकट करतो, ते येथे विकतच्या औषधाने होते. वर्षातून दोन पिके घेता येत असूनही एकच, हिवाळ्याचे, घेण्याचा हा निग्रह आहे. युरोपातील वेल ज्या महिन्यांत निजते, त्याच महिन्यांत येथला घड पिकतो.

रात्रीचे महत्त्व आंबटपणापुरते आहे, पण तेच निर्णायक आहे. द्राक्षातील टार्टारिक आम्ल बरेचसे टिकते. मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनात खर्च करतो, आणि उष्म्यात हा खर्च झपाट्याने वाढतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा तिशीच्या आसपास गेला तरी रात्री तो दहा-बारापर्यंत, कधी त्याहून खाली उतरतो. त्या थंड तासांत आम्ल वाचते. फेसाळ वाइनचा घड म्हणूनच साखर पुरती चढण्याआधी, १८-१९ अंश ब्रिक्सच्या सुमारास तोडतात. साध्या वाइनचा २२-२३ पर्यंत थांबतो. तोडणी पहाटेच्या गारव्यात करावयाची आणि रस तत्काळ थंड करावयाचा. येथून पुढची थंडी यंत्राची. शॅम्पेनच्या खडूच्या तळघरांत ती निसर्गतः मिळते. येथे तिच्यासाठी विजेचे बिल भरावे लागते.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आखले आणि नाशिकचे चित्र पालटले. राजीव सामंत यांच्या सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये आली होती, पुढे तिची फेसाळ वाइनही निघाली. २०१३ मध्ये शाँदों या नामवंत घराण्याने दिंडोरीच्या द्राक्षांची फेसाळ वाइन बाजारात आणली. मानाचे स्थान येथे शनँ ब्लाँ या जातीला मिळाले, कारण उष्म्यातही ती आपला आंबटपणा सहजासहजी सोडत नाही. नारायणगावचा अग्रणी उद्योग मात्र २०१०च्या सुमारास कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. त्या पडझडीत हवामानाचा दोष फारसा नव्हता.

थंडी हवी, पण तीही बेतानेच. २०१८च्या डिसेंबरात निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला. अशा रात्री बागांतून शेकोट्या पेटतात आणि खाण्याच्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडून त्यांचा भाव उतरतो. एकाच तालुक्यात एकाला हवीशी वाटणारी रात्र शेजाऱ्याला जागून काढावी लागते.

आता खुद्द शॅम्पेनची थंडी ओसरू लागली आहे. २००३ च्या उन्हाळ्यात तेथील तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली; इतकी लवकर ती १८२२ नंतर झाली नव्हती. तेतँजे या तेथील घराण्याने २०१५ मध्ये इंग्लंडातील केंट परगण्यात, तशाच खडूच्या जमिनीवर, फेसाळ वाइनसाठी शेत घेतले. उत्तरेकडे सरकण्याची ही सोय नाशिकच्या बागाईतदाराला नाही. त्याच्याजवळ सरकविण्याजोगी आहे ती फक्त छाटणीची तारीख. २०१९ मध्ये परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. आधी छाटलेल्या बागांत फुलोरा कुजला आणि डाऊनीने घड खाल्ले, तर पाऊस सरण्याची वाट पाहून छाटलेल्या बागांचे घड पिकावयास मागे पडले. जानेवारीच्या थंड रात्री त्यांना हिरवेपणीच लाभल्या, आणि साखर भरावयाच्या वेळी डोक्यावर फाल्गुनाचे ऊन होते.