शस्त्र बाळगण्याचा हक्क : दिल्लीतील वाद आणि पैनगंगेचा काठ

१/ १९४८ साली हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता आणि परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पैनगंगेपलीकडे मध्यप्रांत-वऱ्हाड. रझाकारांच्या काळात ही नदी म्हणजे सरहद्दच होती. पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा सशस्त्र कॅम्प होता.

२/ सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. अडीच महिन्यांनी, १ व २ डिसेंबरला, दिल्लीत घटना समितीसमोर मसुद्यातील अनुच्छेद १३ (आजचा १९) आला. हरि विष्णू कामत यांनी त्यात एक हक्क वाढवण्याची दुरुस्ती मांडली : शस्त्र बाळगण्याचा.

३/ कामत हे आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले गृहस्थ. घटना समितीवर ते मध्यप्रांत-वऱ्हाडातून आले होते, म्हणजे पैनगंगेपलीकडच्याच प्रांतातून. हैदराबादचा मात्र एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता.

४/ मागणी नवी नव्हती. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. तो अपमान काँग्रेस विसरली नव्हती. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

५/ उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. काँग्रेसची जुनी मागणी त्यांनी नाकारली नाही. परंतु ती परक्या सत्तेविरुद्धची होती आणि ती सत्ता आता गेली, असे त्यांचे म्हणणे. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालायचा कसा?

कामतांनी आपल्या दुरुस्तीतील नियमनाच्या तरतुदीकडे बोट दाखवले. बाबासाहेबांचे उत्तर निव्वळ कायदेपंडिताचे होते : नियमनाने अटी घालता येतात, हक्क संपवता येत नाही. एकदा तो मूलभूत ठरला की सरसकट सर्वांना मिळणार. आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा. संकटकाळी राज्याने हाक दिली की नागरिकाने शस्त्र उचलावे.

६/ याच भाषणात त्यांनी विचारले, हा हक्क ‘गुन्हेगार जमातीं’नाही देणार काय? हे वाक्य आज बोचते. ज्या कायद्याने त्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला, तोही इंग्रजांचाच होता आणि १९५२ पर्यंत टिकला.

७/ निःशस्त्र खेड्यावर सशस्त्र टोळी आली की काय होते, हे मराठवाड्याने नुकतेच पाहिले होते. या अनुभवातून पाहिले तर कामतांची बाजू भावनिक म्हणून झटकता येत नाही. पण त्याच दिवसांत पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरत होती. कारवाईनंतर मुसलमानांच्या झालेल्या कत्तलींची ती माहिती घेत होती. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि हिंगोलीला लागूनच असलेले नांदेड ही नावे नोंदवली. सूडाने पेटलेल्या गावांत बंदूक हा मूलभूत हक्क असता तर? बाबासाहेबांचे पारडे जड होते ते येथे.

८/ दुरुस्ती फेटाळली गेली. गंमत अशी की, लिटनच्या काळातील तो कायदा स्वतंत्र भारतातही चालूच राहिला. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला, तेव्हा कुठे तो गेला. परवाना मात्र राहिला. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आजही बंदुकीचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढेच जातो.