हाकेला ओ देणारी यंत्रे



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एखादी पाककृती देणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम, असेच मी समजत आले. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्यापायी मला एका इतिहासाच्या मागे लागावे लागले. तोच आज आपल्यापुढे ठेवते.

आमच्या सासूबाईंचे वय 78. श्रावणातील एका रात्री त्यांना जाग आली. सून दिवसभर राबते, तिला कशाला उठवायचे, म्हणून त्या अंधारातच न्हाणीघराकडे निघाल्या आणि उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. पुढे वॉकर धरून त्या चार पावले टाकू लागल्या, पण पलंगावरून भिंतीवरच्या बटनापर्यंत जाणे त्यांना जड जाई. म्हणून माझ्या मुलाने, नुसते बोलल्याने दिवा लावणारी आणि घालवणारी एक डबी आणली. “आजी, आता तू फक्त सांग,” तो म्हणाला. सासूबाईंनी सांगितले, “दिवा मालव रे बाबा.” डबीने मोठ्या नम्रपणे उत्तर दिले, की मला समजले नाही.

दिवा ‘विझव’ म्हणू नये, हे त्या लहानपणापासून शिकलेल्या. ‘लाइट बंद कर’ हे शब्द त्यांच्या तोंडी नाहीत. दोनतीन वेळा तसेच झाले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “आता दिवा लावायलासुद्धा शाळा शिकायला हवी का ग?” त्यांनी मला विचारले. तो प्रश्न माझ्या मनाला लागला. या यंत्राला बोलणे शिकवले कोणी, आणि ते कोणाचे बोलणे शिकले? मुलाकडून समजावून घेऊन, वाचनालयातून चार पुस्तके आणून जे हाती लागले ते असे.

हाकेला ओ देणारी पहिली वस्तू म्हणजे एक खेळणे होते. अमेरिकेत 1920 नंतरच्या दशकात ‘रेडिओ रेक्स’ नावाचा छोटा कुत्रा विकत मिळे. तो आपल्या घरकुलात बसलेला असे आणि ‘रेक्स’ अशी हाक मारली की टुणकन बाहेर येई. आत एक विद्युतचुंबक त्याला धरून ठेवी. सेकंदाला सुमारे 500 कंपने होणारा सूर आला की विजेचा प्रवाह क्षणभर तुटे आणि मागची स्प्रिंग कुत्र्याला बाहेर ढकली. ‘रेक्स’ शब्दातील स्वरात हा सूर असतो. पण गंमत अशी, की तो 500 च्या जवळ येतो मोठ्या पुरुषाच्या आवाजात. बायकांच्या तोंडी तो 600 च्या पुढे जातो आणि मुलांच्या तोंडी त्याहूनही वर. म्हणजे खेळणे मुलांचे, पण त्याने सहज ऐकावे ते बापाचे! सासूबाईंच्या प्रश्नाचे मूळ मला इथेच सापडले. यंत्राला ज्याच्या आवाजाची सवय लावावी, त्याचेच ते ऐकते.

पुढे 1952 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. ते शून्य ते नऊ एवढे आकडे ओळखी. त्याची मांडणी पुरुषभर उंचीची, आणि ज्याच्या आवाजाला ते लावून घेतले असेल त्यानेच एकेक आकडा थांबून थांबून म्हणावा, अशी अट. अनोळखी माणसापुढे ते गडबडे. त्यानंतर 1962 साली सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनात आय. बी. एम. कंपनीने ‘शूबॉक्स’ हे यंत्र मांडले. त्याला 16 शब्द येत आणि तोंडी सांगितलेली बेरीज-वजाबाकी ते करून दाखवी.

ही झाली हुशारीची प्रदर्शने. घरातले दिवे हातावाचून लावावे, ही खरी निकड मात्र वेगळ्याच ठिकाणी उभी राहिली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचे रुग्णालय आहे. तिथे जाणारे-येणारे रेग मेलिंग यांनी पाहिले, की हातपाय लुळे पडलेल्या रोग्याला बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायला एका घंटीपलीकडे काही नाही. त्यांनी 1960 च्या सुमारास अशी योजना केली, की रोग्याने नळीत नुसती फुंकर मारावी किंवा श्वास ओढावा, आणि दिवा, रेडिओ यांसारख्या वस्तू चालू-बंद व्हाव्या. त्यात आवाज ओळखण्याचा भाग नव्हता. तरीही आमच्या डबीची खरी आजी मी यालाच म्हणेन. कुणाला हाक मारून न उठवता आपला दिवा आपण लावणे, यात माणसाचा केवढा मान राहतो, हे मी घरात पाहिले आहे.

आता आपल्या देशाच्या अभिमानाची गोष्ट. राज रेड्डी यांचा जन्म 1937 साली, आज आंध्र प्रदेशात असलेल्या काटूर या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. घरातून कॉलेजात जाणारे ते पहिलेच. अमेरिकेत जाऊन त्यांनी यंत्राला बोलणे समजावे यासाठी आयुष्य वेचले. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांच्या हाताखाली 1976 साली ‘हार्पी’ ही प्रणाली पुरी झाली. तिला 1011 शब्द येत. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक 1994 साली त्यांना विभागून मिळाले.

त्याच काळात शिकवण्याची पद्धतही पालटली. व्याकरणाचे नियम पढवण्याऐवजी, कोणत्या आवाजापुढे कोणता आवाज येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब यंत्र करू लागले. आपणही हेच करतो. पोर खेळताखेळता दारातून “आई, भा...” एवढेच ओरडते आणि जेवणवेळ असेल तर आपण ‘भाकरी’ समजतो, क्लासची वेळ टळत असेल तर ‘भास्कर आला’ असे समजतो. या मार्गाने जाणाऱ्यांत जेम्स बेकर आणि त्यांच्या पत्नी जॅनेट बेकर हे जोडपे होते. त्यांनी 1982 साली आपली कंपनी काढली. न थांबता सलग बोललेले टिपून घेणारी त्यांची प्रणाली 1997 साली बाजारात आली. संसार आणि संशोधन दोघांनी मिळून चालवले, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवावे.

दिवे-पंखे दुरून चालवण्याची विद्या तोवर वेगळी वाढत होती. स्कॉटलंडमधील एका कंपनीने 1975 साली घरातल्या विजेच्या तारांतूनच हुकूम पाठवण्याची ‘एक्स-10’ ही युक्ती काढली, पण हुकूम द्यावा लागे बटन दाबून. आवाज आणि दिवे यांची गाठ घरोघर पडली ती अमेरिकेत 2014 साली ‘ईको’ ही डबी निघाल्यावर. ती 2017 साली भारतात आली. गूगलचा बोलका सहायक 2018 साली मराठी समजू लागला. म्हणजे ऑड्रीने आकडे ओळखल्यावर आपल्या मायबोलीची पाळी यायला 66 वर्षे लागली!

या डब्यांबद्दल दोन गोष्टी मात्र मला खटकतात. पहिली, त्या बहुधा बाईच्या आवाजात बोलतात. अमेरिकेत ‘सिरी’ला आवाज देणाऱ्या सुझन बेनेट यांनी 2005 साली महिनाभर बसून वाक्ये म्हटली, पण आपला आवाज पुढे कुठे जाणार याची त्यांना कल्पनाही नव्हती. निमूटपणे हुकूम झेलणाऱ्या यंत्राला बाईचाच आवाज दिल्याने जुन्या समजुती घट्ट होतात, असे युनेस्कोच्या अहवालाने 2019 साली बजावले. त्यानंतर 2021 साली सिरी सुरू करतानाच इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाने आवाज आपण निवडावा, अशी सोय झाली. दुसरी गोष्ट घरातल्या कानाची. डबी स्वतःचे नाव ऐकू येण्यासाठी सदा कान देऊन असते, आणि नाव घेतल्यावरचे बोलणे बहुधा दूरच्या मोठ्या संगणकाकडे जाते. त्यातले काही बोलणे कंपन्यांची माणसे ऐकतात, हे 2019 साली उघडकीस आले. म्हणून आमच्याकडे डबी फक्त सासूबाईंच्या खोलीत आहे, आणि पाहुणे आले की तिचा कान बंद करण्याचे बटन मी न विसरता दाबते.

न विचारता घेतलेला आवाज वेगळा आणि समजून-उमजून दिलेला वेगळा. भारत सरकारने 2022 साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात ‘भाषादान’ म्हणून आपल्या भाषेतील वाक्ये आपल्या आवाजात म्हणून देता येतात. आपल्या मंडळात कोकणातल्या आहेत, वऱ्हाडातल्या आहेत, माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या आहेत आणि अजिबात न शिकलेल्याही आहेत. ज्यांचे बोलणे यंत्राने कधी ऐकलेच नाही, त्यांचे ते समजणार कसे? हळदीकुंकवानंतर एखाद्या दुपारी तरुण मुलींच्या मदतीने हे दान ज्यांना द्यावेसे वाटेल त्यांनी द्यावे, अशी माझी सूचना आहे.

आमच्या मुलाने त्या डबीला ‘दिवा मालव’ हे शब्द जोडून दिले. आता तिन्हीसांजेला सासूबाई पडल्यापडल्या म्हणतात, “दिवा लाव ग.” दिवा लागतो आणि त्या त्याला हात जोडतात. रात्री न्हाणीघराकडे जाताना त्यांच्या पायाखाली उजेड असतो. तरीही माझ्या खोलीचे दार मी उघडेच ठेवते. डबी दिवा लावील, पण हात धरायला माणूसच हवे.